विदर्भातल्या गावात घर घेताना: स्लॅबचं नवं की कवेलूचं जुनं?

गावात घर पाहायला निघालं की साधारण दोन प्रकार समोर येतात. एक म्हणजे रस्त्यालगतच्या ले-आऊटमधलं, ताजा रंग मारलेलं स्लॅबचं घर. दुसरं गावठाणातलं, जाड मातीच्या भिंतींचं, सागवानी खांबांचं कवेलूचं घर. भाव, फरशी, रंग नंतर बघा. आधी घराखाली कोणती जमीन आहे ते विचारा.

अकोला, अमरावती, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ आणि वर्ध्याच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. ही हालचाल खोल काळ्या मातीत साडेतीन मीटरपर्यंत, म्हणजे अकरा-साडेअकरा फुटांपर्यंत जाते. ज्याचा पाया मुरमावर, म्हणजे काळ्या मातीखालच्या टणक थरावर, टेकलेला नाही ते घर दरवर्षी थोडं उचललं जातं आणि थोडं बसतं. नव्या घरात हा दोष पहिल्या वर्षी दिसत नाही. म्हणून कोऱ्या घरापेक्षा तीन-चार पावसाळे काढलेलं स्लॅबचं घर आम्ही केव्हाही वर धरू. त्याच्या भिंतींनी खरं काय ते सांगून टाकलेलं असतं.

भेगा सारख्या नसतात. प्लास्टरवरची केसासारखी जाळी म्हणजे बहुधा प्लास्टर लवकर सुकलं, पाणी कमी मारलं. ती सोडून द्या. स्लॅबच्या अगदी खाली, भिंतीच्या माथ्यावर आडवी रेघ असेल तर स्लॅब उन्हानं ताणला जातोय. तिथून पाणी झिरपू शकतं, पण घर पडत नाही. खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, एका टोकाला रुंद होत गेलेली भेग मात्र पाया हलल्याची खूण आहे. ती 5 मिमीपेक्षा रुंद असेल तर इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे बोलू नका. भेग जिवंत आहे की जुनी, हे कळायला तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी लावा, वर तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालूच आहे. मात्र ही पट्टी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाईपर्यंत राहू द्यावी, नाहीतर काहीच कळणार नाही. ताज्या रंगाच्या घरात रात्री टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा मारा. पुट्टीनं बुजवलेली रेघ सावलीनं उठून दिसते.

नव्या घराचा सांगाडा झाकलेला असतो, पण गच्चीवर वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया बहुतेक ठिकाणी उघड्या सोडलेल्या असतात. त्या मोजा. एका कॉलमला किमान चार सळया आणि प्रत्येक 12 मिमीची हवी. 10 मिमीच्या चार सळयांवर उभं केलेलं घर स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये. पायाचे फोटो मागा. हल्ली सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतात. पाया किती फूट खाली गेला, जोत्यात काळी माती भरली की मुरूम, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीला कॉलम जोडणारी काँक्रीटची पट्टी) आहे का, हे त्यातच कळतं. घराभोवती तीन फुटांचा कोबा, म्हणजे पाणी मुरू न देणारा काँक्रीटचा पट्टा, नसेल तर तो तुम्हालाच घालावा लागेल, तेवढी रक्कम सौद्यात धरा. एका कोपऱ्याशी गळका नळ किंवा न्हाणीचं सांडपाणी मुरत असेल तर तेवढाच कोपरा फुगून उचलला जातो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात एक जास्तीचा प्रश्न विचारायचा: बांधकामाला पाणी कुठलं वापरलं? सळईच्या काँक्रीटला लिटरमागे 500 मिलिग्रॅमपर्यंतच क्लोराईड चालतं. बोअरचं खारं पाणी कालवायला आणि मारायला वापरलं असेल तर आतली सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. न्हाणी आणि स्वयंपाकघराचं छत पाहा. सळईच्या रेषेत तांबूस डाग आहेत का, काठीनं ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का? डाग दिसले तर नुसत्या प्लास्टरनं ते थांबत नाहीत.

उन्हाळ्याचंही गणित आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. गच्चीवर पांढऱ्या चिनी मोझेकचा किंवा चुन्याचा थर असेल तर फरक पडतो. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंतीचं घर त्याच दुपारी बरंच सुसह्य असतं. जुन्या घराचा हा मोठा गुण, पण त्यासाठी देखभालीचा खर्च आहे. देशी कवेलू दरवर्षी पावसाळ्याआधी फेरावे लागतात. माकडांचा उपद्रव असलेल्या गावात हा खर्च वाढलेलाच धरा.

जुनं घर पाहताना सुतार सोबत न्या. आडं आणि खांब भिंतीत वा जमिनीत जिथे शिरतात तिथे टोच्यानं टोचून पाहा. टोचा अर्धा इंच सहज गेला तर उधईनं आतून पोखरलंय. मधला भाग ठणठणीत दिसतो आणि टोक मात्र भुसा झालेलं असतं, म्हणून टोकं आधी बघायची. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा पांढरा खार, चढलाय का पाहा. मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलेलं असेल तर सावध व्हा. ओल आत कोंडते, माती विरघळते आणि प्लास्टर उभं राहून आत पोकळी होते. नाण्यानं ठोकत गेलात की जागा सापडतात. सागवान शाबूत, जोतं उंच, वळचण पुढे आलेली आणि भिंत कोरडी असेल तर असं घर दुरुस्त करून घ्यावं. दोन बाजूंच्या भिंती फुगलेल्या असतील तर फक्त जागेची आणि लाकडाची किंमत द्या, घराची नको.

वैनगंगा, वर्धा, पैनगंगेकाठच्या गावांत शेजाऱ्यांना पुराची खूण विचारा. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेकाठी पाणी कुठवर आलं होतं, हे त्या गल्लीत कोणीही दाखवेल.

कागदांत जुनं घर जास्त अडवतं. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन मालमत्ता पत्रक किंवा सनद निघाली असेल तर ती मागा. घर वडिलोपार्जित असेल तर 2005 पासून मुलींचाही समान हक्क आहे. सासरी गेलेल्या बहिणींचीही सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवंच. ‘ती काही मागत नाही’ या तोंडी बोलण्यावर इसार देऊ नका. ले-आऊटमधल्या घरासाठी अकृषिक आदेश, मंजूर नकाशा आणि सातबारा पाहा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-2 (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय खरेदी अडकते. दोन्ही बाबतीत तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मागच्या खरेदी-विक्री आणि बोज्यांच्या नोंदींची तपासणी, वकिलाकडून घ्या.

पसंत पडलेलं घर एकदा मे अखेरीस आणि एकदा ऑगस्टमध्ये पाहता आलं तर उत्तम. तेवढा वेळ नसेल तर इसारपावतीत लिहून घ्या की पावसाळ्यात छत गळलं किंवा पायाची भेग उघडली, तर दुरुस्तीचा खर्च उरलेल्या रकमेतून कापला जाईल. विकणारा याला तयार नसेल तर पुढचं घर पाहायला निघा.