ड्राफ्ट पिकची किंमत लावताना या चुका टाळा

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये संघ दरवर्षी नवे तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडतात, साधारणपणे तळाचे संघ आधी. हा ड्राफ्ट, आणि त्यातली निवडीची पाळी म्हणजे पिक; पिकांचा सौदाही होतो. आमच्या फँटसी हॉकी लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे आपले काल्पनिक संघ चालवण्याच्या खेळात, दर हंगामात कुणीतरी नवा भिडू पहिल्या फेरीचं पिक देऊन तिसऱ्या फेरीची तीन पिकं घेतो आणि एकाची तीन केली म्हणून खूश होतो. समजवायला जावं तर ठरलेलं उत्तर येतं: ‘झेटरबर्ग नाही का 210वा होता?’

होता. 1999 मध्ये डेट्रॉइटने पुढे स्टार झालेल्या हेन्रिक झेटरबर्गला सातव्या फेरीत घेतलं. पण त्याच ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी डेट्रॉइटनेच दुसरे तीन खेळाडू उचलले होते. हा पोरगा एवढा मोठा होणार हे ठाऊक असतं, तर 209 नावं पुकारली जाईपर्यंत ते गप्प बसले असते का? असं कुणी बोललं की मी त्याला त्या वर्षीची सातवी फेरी वरपासून खालपर्यंत वाचायला लावतो. त्यातली बहुतेक नावं एनएचएलपर्यंत पोहोचलीच नाहीत.

दुसरी चूक तर एनएचएल संघांचे व्यवस्थापकही करतात: आपण देतोय ते पुढच्या वर्षीचं पिक ‘उशिराचंच असेल’ असं धरून चालणं. सप्टेंबर 2009 मध्ये टोरोंटोने फिल केसेलसाठी बोस्टनला 2010 आणि 2011 ची पहिल्या फेरीची पिकं आणि वर 2010 चं दुसऱ्या फेरीचं पिक दिलं. केसेल गोल करणारा होता, त्यात वाद नाही. पण टोरोंटो त्या हंगामात 30 संघांत 29वा आला आणि दिलेलं पिक थेट दुसऱ्या क्रमांकाचं निघालं. त्यावर बोस्टनने पुढे नावाजलेला टायलर सेगिन घेतला. पुढच्या वर्षीचं पिक नववं लागलं, त्यावर डगी हॅमिल्टन आला. म्हणून आपलं पिक देताना मी आधी आपला संघ तळाला गेला असं धरतो आणि मगच भाव करतो. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही. पहिल्या दहात आलं तर पिक परत, अशी अट घालता येत असेल तर जरूर घाला.

पहिल्या आणि पाचव्या पिकच्या मोलातलं अंतर शंभराव्या आणि दीडशेव्या पिकच्या मोलातल्या अंतरापेक्षा मोठं असतं. क्रमांक मोजून भाव लावू नका.

शेवटचं स्थान म्हणजे पहिलं पिक नव्हे, मध्ये लॉटरी असते: वरची पिकं कुणाला हे सोडतीने ठरतं. 2017 मध्ये तळाचा कोलोरॅडो चौथ्यावर घसरला. तिथे त्यांना पुढे स्टार बचावपटू झालेला केल मकार मिळाला, पण तो संघात यायला 2019 उजाडलं. तेव्हा ड्राफ्टच्या रात्रीच निकाल लावू नका.

गोलकीपर मी उशिराच घेतो. ते पिकायला वेळ लागतो, आणि नावाजलेला गोलकीपर हेन्रिक लुंडक्विस्टही 205वाच होता. हो, तोही अपवादच, पण तिथे गमावण्यासारखं फारसं काही नसतं.