स्टुअर्ट दरबारी पद्धतीचा मास्क कसा उभारावा

मास्क म्हणजे सतराव्या शतकात इंग्लंडच्या स्टुअर्ट राजांच्या दरबारात होणारा गाणी, नाच आणि देखाव्यांचा खेळ. आधी राजाची खुर्ची ठेवा, मग रंगमंच आखा. दृश्याच्या सगळ्या रेषा तिच्यासमोरच्या एका बिंदूत मिळाल्या पाहिजेत. हे उलट केलंत तर दरबारी नेपथ्यकार इनिगो जोन्सच्या धर्तीचा देखावा मानाच्या जागेवरूनच वाकडा दिसेल. समोर नाचासाठी मोकळी जमीन हवीच. इथे कंजुषी करू नका.

संवाद, गाणी आणि सुरुवातीचा अँटीमास्क (मुख्य मास्कच्या उलट, विचित्र पात्रांचा भाग) व्यावसायिक नटांना द्या. मुखवटे घातलेले उमराव बोलत नाहीत, फक्त नाचतात. नाटककार बेन जॉन्सनने १६०९च्या ‘द मास्क ऑफ क्वीन्स’मध्ये १२ चेटकिणींसमोर १२ राण्या उभ्या केल्या. हाच विरोध खेळाचा प्राण आहे.

पालट क्षणात व्हायला हवा. जॉन्सनच्या त्या मास्कमध्ये चेटकिणींचा नाच ऐन रंगात असताना मोठ्या आवाजाची वाद्यं एकदम वाजली आणि नरक नाहीसा होऊन कीर्तिमंदिर दिसलं. संगीत यंत्रांची घरघरही झाकतं, म्हणून वादकांना इशारा आधी, दोरखेच्यांना लगेच नंतर.

मग उमरावांचे ठरवून बसवलेले नाच, त्यानंतर ‘रेव्हल्स’: उमराव प्रेक्षकांतून जोडीदार निवडून गॅलियार्ड, कोरांटो नाचतात. हा भाग कापला तर उरतं ते नुसतं नाटक. शेवटी एक गाणं आणि निरोपाचा नाच.

धूर विसरू नका. लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातल्या बँक्वेटिंग हाउसमध्ये चित्रकार रुबेन्सची छतचित्रं बसल्यावर ती दिव्यांच्या काजळीने बिघडू नयेत म्हणून मास्क तिथून हलवावे लागले.