‘याचं लक्षच नसतं’ म्हणण्याआधी एक वही करा

मी तिसरीचा वर्ग शिकवते. पालकसभेत “बाई, याचं लक्षच नसतं हो” असं कुणी म्हणालं की मी आधी एक छोटी वही करायला सांगते. दोन आठवडे त्यात नोंदी ठेवायच्या. मुलानं काय केलं, कधी, कुठे आणि त्याच्या लगेच आधी काय झालं होतं, ते लिहायचं.

“दंगा करतो” या नोंदीचा काही उपयोग नाही. “मधल्या सुट्टीनंतर बाकं सरकवण्याचा आवाज सुरू झाला, तसा कान दाबून बाकाखाली गेला” ही नोंद खूप काही सांगते. माझ्या वर्गातला एक मुलगा कॉलर चघळून ओली करायचा. घरचे ओरडायचे. नोंदी बघितल्या, तर हे फक्त फळ्यावरचं उतरवून घेताना व्हायचं. तोंडी गणितात तोच मुलगा सगळ्यांत पुढे!

काही मुलांना आवाज, स्पर्श, उजेड सोसत नाही. कुकरची शिट्टी, गणवेशाचं मानेवरचं लेबल, नखं कापणं, सगळ्याचाच त्रास. काहींचं उलट असतं. त्यांना जोराचा स्पर्श आणि हालचाल हवी असते, म्हणून ती रांगेत दुसऱ्यांवर आदळतात. मुद्दाम ढकलतो म्हणून त्यांना शिक्षा होते, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

लक्षाची अडचण बहुधा एका आवाजापुरती नसते. अर्धी सूचना ऐकून निघणं, डबा विसरणं, पेन्सिली हरवणं हे घरीही दिसतं आणि शाळेतही. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराचं, निदान करताना डॉक्टर हेच बघतात: लक्षणं किमान 6 महिने आहेत का, वयाच्या 12 वर्षांआधी दिसली का, एकाहून जास्त ठिकाणी आहेत का. त्रास फक्त शाळेत असेल, तर वाचन-लेखनाचीच अडचण आहे का तेही तपासावं लागतं. आणि खिडकीबाहेर बघत शांत बसणारी मुलगी विसरू नका. ती कुणाला त्रास देत नाही, म्हणून तिची नोंदच होत नाही.

सगळ्यांत आधी कान आणि डोळे तपासा. झोप पुरेशी होते का, तोंड उघडं टाकून घोरतो का, हेही डॉक्टरांना सांगा.

संवेदनांच्या या अडचणींवर जीन आयर्स या अमेरिकी ऑक्युपेशनल थेरपिस्टनं (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञानं) पायाभूत काम केलं. पण 2013 च्या डीएसएम-5 मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत, या अडचणींना स्वतंत्र आजार म्हटलेलं नाही. म्हणून “अमुक महिन्यांत पूर्ण बरा करतो” असं कुणी म्हणालं, तर पैसे भरू नका.

वर्गात मी एका वेळी एकच सूचना देते. “वही काढ.” ती काढली की मग “तारीख घाल.” आदळआपट करणाऱ्याला वह्यांचा गठ्ठा ऑफिसात पोचवायला देते, फळा पुसायला लावते. बऱ्याच मुलांना त्यानंतर थोडा वेळ बसवतं. आवाज न सोसणाऱ्याला दारापासून लांबचा बाक, आणि ढोल वाजणार असतील तर आधी कल्पना.

तरी अडचण राहिली, तर बालविकासतज्ज्ञांकडे जा. खर्च झेपत नसेल, तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं केंद्र आहे का विचारा. 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो कार्यक्रम आहे. वही सोबत न्या, आणि वर्गशिक्षकांकडूनही चार ओळी लिहून घ्या.