सड्याच्या (कातळपठाराच्या) कडेवरून कोसळलेली जीप वर कशी काढायची

पहिला दोर ओढायचा नसतो, धरून ठेवायचा असतो. गाडी एखाद्या झाडाला टेकून थांबलेली दिसते, पण चाकांखालची तांबडी माती भिजलेली असली की ती पुन्हा कधी सुटेल याचा नेम नाही. म्हणून विंचला (ड्रमवर दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राला) हात लावण्याआधी वरच्या झाडाला वेगळा दोर बांधून चेसिस अडकवून घ्या. तोवर गाडीत शिरायचं नाही आणि खालच्या बाजूला कोणी उभं राहायचं नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, डिझेल गळतंय का बघा. विम्याचा दावा करायचा असेल तर गाडी हलवण्याआधीच फोटो काढा आणि कंपनीला कळवा.

दोराला आधार म्हणून आईन, किंजळ, फणस असं जिवंत, मांडीपेक्षा जाड खोडाचं झाड बघा. पट्टा रुंद हवा आणि अगदी बुंध्याशी. पांगारा, शेवगा नको. जांभ्याचा सुटा धोंडा केवढाही असो, त्यावर विसंबू नका. ओढ आली की तोच घरंगळत खाली येतो. सड्यावर झाडच नसेल तर दुसरी गाडी आधाराला घ्या, तिच्या चारही चाकांना दगड लावा आणि तिलाही मागे तिसऱ्या गाडीला बांधा.

आता ताकदीचा हिशेब. १८०० किलोची गाडी, ३० अंशांचा उतार: नुसत्या उताराचंच ओझं ९०० किलो. चाकं फिरत नसतील तर घासण्याचे आणखी हजारेक, चिखलात रुतली असेल तर त्याहून जास्त. ९५०० पौंडांची विंच म्हणजे सुमारे ४३०० किलो, पण तो आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा. वर दोराचे थर चढत जातात तशी ओढ कमी होते. म्हणून स्नॅच ब्लॉक (दोर ओवायची कप्पी) पडलेल्या गाडीला लावा आणि दोराचं टोक परत वर आणून बांधा. ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. इथे हळू चाललेलंच बरं. तोच ब्लॉक झाडाला लावून दोर नुसता वळवलात तर ओढ वाढत नाही, उलट झाडावर जवळपास दुप्पट भार येतो. ड्रमवर स्टीलच्या दोराचे निदान ५ वेढे राहू द्या, सिंथेटिकचे ८ ते १०.

शॅकल (दोर जोडायची पिनेची कडी) ४.७५ टन भाराची, पाऊण इंची. बंपर, टो बॉल (ट्रेलर जोडायचा गोळा), टाय रॉड (स्टीअरिंगची दांडी) यांना हूक नको. टो बॉल तुटला तर गोळीसारखा येतो. झटक्याने ओढायचा कायनेटिक दोर या कामाला अजिबात नको. जांभ्याची धार सिंथेटिक दोर कापते, कडेवर जुना टायर किंवा गोणपाटाची घडी ठेवा. दोरावर मधोमध ओलं पोतं टाका, म्हणजे तुटला तर उसळी कमी.

आडवी पडलेली गाडी आधी सरळ करा: वरच्या बाजूच्या चेसिसला पट्टा, आणि उलट्या बाजूने दुसरा दोर, म्हणजे ती धाडकन आपटणार नाही. बॉल जॉइंट (चाकाचा सांधा) तुटून चाक मुडपलं असेल तर त्याखाली बल्ली बांधून घसरपट्टी करा. गिअर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) न्यूट्रल केलंत की गाडीला धरायला उरतो तो पहिला दोरच; दर अर्ध्या मीटरला टिरफोरने (हाताने चालवायच्या विंचने) तो ताणून घ्या. हुकूम एकाचाच, तोही शिट्टीने.

वर आल्यावर स्टार्टर मारू नका. उलटलेल्या डिझेल इंजिनात ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं, मग स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकतो. ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे प्लग) काढून क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) आधी हाताने फिरवा.