वर्धापनदिनाची मैफल: दहाच्या आत भैरवी व्हावी म्हणून

संगीत मंडळाचा वर्धापनदिन, वाड्याचं उघडं अंगण, डिसेंबरची संध्याकाळ, सव्वाशे श्रोते आणि सहाची वेळ, असं धरून ही तयारी मांडली आहे. हिशोब शेवटाकडून करायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्या जागी रात्री १० वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो, म्हणजे हातात चार तास. सत्काराला १५ मिनिटं, मध्यंतराला २५, कलाकार बदलताना २०. उरले तीन तास. आधी गाणाऱ्या तरुण कलाकाराला ५० मिनिटं दिली की मुख्य कलाकाराला दोन तास दहा मिनिटं मिळतात. सत्कार लांबला की ती मिनिटं संथ लयीतल्या विलंबित ख्यालातूनच जातात आणि भैरवी, म्हणजे मैफलीचा शेवटचा राग, उरकावी लागते. म्हणून मनोगत एकाचंच, लिहून आणलेलं. पोलीस ठाण्याची परवानगी लेखी हातात आल्याशिवाय पत्रिका छापायला देऊ नका.

कलाकारांना पट्टी (पेटीच्या कोणत्या स्वराला सा धरणार ते) आणि पहिला राग आठवडाभर आधी विचारून घ्या. सूर्यास्ताची वेळ तरुण गायकाच्या वाट्याला येते. तो मारवा किंवा पूरिया गाणार असेल तर त्यात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे लागत नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात (नी) लागते. पुढे मुख्य गायिका यमन घेणार असतील तर तीच तार पंचमात हवी. त्यात पट्टी काळी एकवरून काळी चारवर गेली की एका जोडीवर भागत नाही. तानपुऱ्यांच्या दोन जोड्या सांगून ठेवा. दुसरी जोडी आतल्या खोलीत, दार बंद करून सुरात लावायची. बाहेर माइकवर भाषण चालू असताना मंचावर सूर जुळत नाहीत.

तारा दोन दिवस आधी बदला, कारण नवी तार ताणत राहते आणि सूर उतरत जातो. जुनी तार पंचमातून निषादापर्यंत चढवताना तुटते, तेव्हा पोलादी तारेची दोन आणि खर्जाच्या (सर्वांत खालच्या सुराच्या) पितळी तारेचं एक वेटोळं जवळ असू द्या. खुंटी सरकत असेल तर खडूची भुकटी लावा. जवारीच्या दोऱ्याला, म्हणजे झंकार यावा म्हणून घोडीवर तारेखाली घातलेल्या दोऱ्याला, मात्र वेळ द्या. तार छेडत दोरा घोडीवर केसभर मागेपुढे करायचा. आधी आवाज बोथट येतो, मग एका जागी तो एकदम उघडतो आणि झंकार लांबत जातो. तिथेच थांबायचं. दोरा चपटा किंवा तेलकट झाला असेल तर नवा घाला. बारीक सुती दोऱ्याचं रीळ पिशवीत ठेवा.

थंडीत एक अडचण ठरलेली. गारव्यानं पोलादी तार आखडते आणि सूर चढतो, दमट हवेत तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैलावते आणि सूर उतरतो. दोन्ही वाद्यांचे सूर एकमेकांपासून लांब जातात. वाद्यं तासभर आधी मंचावर आणून झाकून ठेवा, त्या हवेत मुरली की मगच लावा. मंचावर वर कापडी छत हवंच, दव थेट पुडीवर पडता कामा नये.

मंच १२ बाय १० फुटांचा, उंची दीड फूट. मंचाची पुढून मागे खोली कमी पडली तर मागचे तानपुरे गायिकेच्या पाठीला टेकतात. माइक सहा: गायनाला एक, पेटीला एक, तबल्याच्या जोडीला दोन, तानपुऱ्यांना एकेक. मिक्सर, स्पीकर आणि रेकॉर्डर यांची वीज एकाच बोर्डावरून घ्या, वेगवेगळ्या जागांहून घेतली की अर्थिंगच्या फरकामुळे गुणगुण येते. दिव्यांची लाइन वेगळी. समई माइकच्या वायरींपासून तीन फूट दूर ठेवा.

ध्वनिमुद्रणाची लेखी संमती गायिकेबरोबर साथीदारांकडूनही घ्यावी, कायद्यानं तेही कलाकारच आहेत. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टीरिओला तासाला साधारण एक जीबी लागतो. आलापात आवाज खाली दिसतो म्हणून रेकॉर्डरची पातळी वाढवू नका. तारसप्तकातल्या तानेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. सर्वांत मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलपर्यंत जाईल इतकंच ठेवा.

जाजम, गाद्या, तक्के, आणि मागे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांसाठी ३० खुर्च्या. चहा १३ लिटर, दोन टेबलांवर. एकाच टेबलावर दिला तर मध्यंतर ४० मिनिटांवर जातं. कलाकारांसाठी कोमट पाण्याचा थर्मास. मानधनाची पाकिटं सकाळीच भरून नावं घालून ठेवा, आणि तानपुऱ्यावर साथ करणाऱ्यांची पाकिटंही त्यातच असू द्या.