लांबलांब राहणाऱ्या मुलांचा ऑनलाइन कोर्स: शेअर्ड डॉक आणि शीटवर एकत्र काम कसं करून घ्यायचं

ऑनलाइन कोर्स म्हणजे व्हिडिओ टाकायचा, पीडीएफ टाकायची, शेवटी गुगल फॉर्मवर टेस्ट घ्यायची, असं बरेच ठिकाणी चालतं आणि मुलं ते पूर्णही करतात, पण एक जण रावेरला, एक पारोळ्याला, एक साक्रीला, एक पार धडगावला, आणि कोर्स संपेपर्यंत कुणालाच कळत नाही की आपल्यासोबत अजून कोण शिकत होतं. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून कितीतरी लोकांना घरबसल्या शिकवलं ती फार मोठी गोष्ट आहे, पण तेव्हा घरी पुस्तक यायचं आणि बाकीचे विद्यार्थी भेटायचे ते अभ्यास केंद्रावरच. आता एकत्र लिहायची साधनं फोनमध्ये फुकट आहेत, मग ती वापरायची कशी ते सांगते.

पहिले काम ठरवा, टूल नंतर. आणि काम ठरवताना स्वतःला एकच विचारा, हे एकट्याला घरी बसून करता येतं का? येत असेल तर ग्रुपला देऊच नका, कारण एक जण करणार आणि बाकीचे चौघं नाव लावणार. मुलं वेगवेगळ्या तालुक्यात आहेत ही अडचण नाही, तेच तर आपलं भांडवल आहे. म्हणून काम असं पाहिजे की प्रत्येकाच्या गावातलं काहीतरी त्यात आल्याशिवाय ते पूर्णच होणार नाही.

माझं आवडतं काम म्हणजे आठवडे बाजाराचे भाव. अर्थशास्त्र असो, कॉमर्स असो, बी.एड. असो, चालतं. प्रत्येकाने आपल्या जवळच्या बाजारात जाऊन वांगी, मेथी, हिरवी मिरची, केळी यांचे भाव विचारायचे आणि एकाच गुगल शीटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या एका तक्त्यात, भरायचे. चार आठवडे. मग तोच माल शिरपूरला एका भावाने आणि तळोद्याला दुसऱ्या भावाने का जातो त्यावर ग्रुपने मिळून दोन पानं लिहायची. हे इंटरनेटवरून कॉपी होत नाही आणि एकट्याने होत नाही.

आता शीट. फोनवर शीटच्या बारीक डब्यांमध्ये टाईप करणं फार जीवावर येतं, भलत्याच ओळीत भरलं जातं, दुसऱ्याचं पुसलं जातं. म्हणून मुलांना शीट फक्त बघायला द्या आणि भरायला गुगल फॉर्म द्या, फॉर्मची उत्तरं आपोआप शीटमध्ये जातात, तारीख-वेळेसकट. फॉर्ममध्ये गावाचं आणि मालाचं नाव ड्रॉपडाऊनने निवडायला ठेवा, नाहीतर कुणी वांगी लिहितं, कुणी वांगे, कुणी भरताचं वांगं, आणि मग शीट त्यांना तीन वेगळ्या वस्तू समजतं. भावाच्या रकान्यात फक्त आकडा. "४० रु. किलो" असं लिहिलं की ते शीटसाठी अक्षर झालं, त्याची सरासरी निघत नाही. एकक वेगळं विचारा आणि हे विसरू नका, कारण केळी बाजारात डझनावर आणि बागेतून व्यापारी नेतो तेव्हा क्विंटलवर, मेथी जुडीवर, आणि मिरची पाव किलोवर सांगतात. या एककांवरूनच मुलांची पहिली खरी चर्चा सुरू होते, ती होऊ द्या, लगेच उत्तर देऊ नका.

लिहायचं काम गुगल डॉक्समध्ये. इथे एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, लिंक "कुणीही एडिट करू शकतो" अशी सोडू नका, प्रत्येकाचा ईमेल टाकून शेअर करा. लॉगिन न करता आलेला माणूस डॉकमध्ये नावाऐवजी "अनोळखी" आणि एखाद्या प्राण्याच्या नावाने दिसतो, मग कुणी काय लिहिलं ते शेवटपर्यंत कळत नाही. ईमेलने शेअर केलं तर व्हर्जन हिस्टरीमध्ये, म्हणजे डॉकमधल्या बदलांच्या नोंदीत, कोणाचं कोणतं वाक्य, कधी लिहिलं, सगळं रंगासह दिसतं, आणि कुणी चुकून पूर्ण पान उडवलं तरी जुनं व्हर्जन परत आणता येतं. हे कम्प्युटरवर बघा, फोनवर नीट दिसत नाही. मुलांना हे पहिल्याच दिवशी दाखवून टाका म्हणजे हात लावायची भीती जाते.

दुसऱ्याच्या लिखाणात बदल करायचा तर सजेस्टिंग मोड लावायला सांगा. थेट पुसलेलं वाक्य मनाला लागतं, सुचवलेलं लागत नाही, मूळ लिहिणारा ते घेतो किंवा सोडतो. आणि कमेंटचा नियम असा ठेवा की "छान", "मस्त" चालणार नाही, प्रत्येकाने दुसऱ्याच्या भागावर निदान एक प्रश्न विचारायचा. अहिराणीत विचारला तरी चालेल, चालेल काय, विचाराच! "हाऊ भाव इतला कमी काबर शे?" असं एकदा कुणी लिहिलं की एरवी गप्प राहणारी पोरं पण बोलायला लागतात.

टायपिंगची अडचण खरी आहे. फोनच्या मराठी कीबोर्डवर माईक दाबून बोललं की लिहिलं जातं, नंतर दुरुस्त करा. जुन्या शिक्षकांनी कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं डॉकमध्ये चिकटवलं तर नुसती खिचडी दिसते, ते आधी युनिकोडमध्ये करून घ्या.

नेटवर्कचं म्हणाल तर सातपुड्याच्या पट्ट्यातल्या मुलांना धरून नियम करा, जळगाव शहरातल्या मुलांना धरून नाही. म्हणजे सगळ्यांनी रात्री आठला ऑनलाइन या असलं काही नको. लाईट आली तेव्हा, रेंज आली तेव्हा प्रत्येक जण आपापल्या वेळेला लिहील. डॉक्स ॲपमध्ये फाईल ऑफलाइन ठेवता येते, घरी लिहा, रेंजमध्ये आलात की ती आपोआप जुळते. मीटिंग आठवड्यातून एक पुरे, गुगल मीटवर फुकट खात्याने ग्रुप मीटिंग ६० मिनिटंच चालते आणि तेवढ्यात होतंही, फक्त काय ठरलं ते चार ओळींत त्याच डॉकच्या वर लिहून ठेवा, जो येऊ शकला नाही त्याच्यासाठी. आणि कापूस वेचणीच्या दिवसात मुदत सैल ठेवा, घरचं काम सोडून कुणी येणार नाही आणि यायलाही नको.

व्हॉट्सॲप ग्रुप असू द्या पण फक्त आठवणीसाठी. चर्चा तिथे झाली की गुड मॉर्निंगच्या ढिगात गेली समजा. टूल वाढवू नका, फॉर्म, शीट, डॉक एवढ्यात सगळं होतं. कॉलेजचं मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायची वेबसाइट) असेल तर त्यात विकी, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचं पान, आहे, आणि प्रश्नोत्तर प्रकारचा फोरम आहे ज्यात स्वतः उत्तर टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसत नाही, तो फार कामाचा आहे, जरूर वापरा.

ग्रुप चार-पाच जणांचाच. प्रत्येक ग्रुपमध्ये निदान एकाकडे कम्प्युटर हवा, आणि एकाच गावचे सगळे एकत्र नको. कामं दर आठवड्याला फिरवा, भाव तपासणारा, लिहिणारा, शुद्धलेखन बघणारा, नाहीतर ज्याचं टायपिंग चांगलं तोच कायमचा कारकून होतो आणि बऱ्याचदा ती मुलगीच असते. मार्क देताना अर्धे स्वतःच्या नोंदी आणि कमेंटवर, अर्धे ग्रुपच्या लेखावर, आणि हे सुरुवातीलाच सांगा. व्हर्जन हिस्टरी मात्र भांडण झालं तरच उघडा, रोज कुणी किती शब्द लिहिले ते मोजत बसलात तर मुलं तुमच्यासाठी लिहायला लागतात, एकमेकांसाठी नाही.

मोबाईल नंबर, मार्क, जातीचा रकाना, असलं काही शेअर्ड शीटमध्ये ठेवू नका. बाजारात फोटो काढायचा तर विकणाऱ्या बाईला विचारूनच. कोर्स संपला की पूर्ण फोल्डरची कॉपी करून ठेवा आणि मुलांनाही आपापली कॉपी करून घ्यायला सांगा, कारण कॉलेजच्या ईमेलवरची फाईल त्या खात्यासोबतच बंद होते, आणि पुढच्या वर्षीच्या बॅचला मागच्या वर्षीचे भाव लागणारच आहेत.