पात्यावरच्या ठशावरून शेफिल्डचा कारागीर कसा शोधावा

आजोळच्या कपाटात, जुन्या बाजारात किंवा एखाद्या न्हाव्याच्या जुन्या पेटीत असा वस्तरा किंवा चाकू अजूनही सापडतो: पात्याच्या मानेवर बारीक अक्षरे आणि खाली ‘शेफिल्ड’, म्हणजे इंग्लंडातले चाकू-वस्तऱ्यांचे शहर. ते नाव कुणाचे, तो माणूस कुठल्या गल्लीत राहत होता, त्याच्या हाताखाली किती माणसे होती, एवढे घरबसल्या शोधता येते. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्यावी. ठशातले नाव मालाच्या धन्याचे असते. पाते घडवणारा, त्याला सहाणेवर धार काढणारा आणि मूठ बसवणारा हे बहुधा तीन वेगळे लोक असतात आणि त्यांची नावे पात्यावर नसतात. म्हणून आधी धनी शोधायचा, मग त्याच्याभोवतीचे हात.

ठसा वाचताना

चिंच, लिंबू, मीठ, भांडी घासायची पावडर यांतले काहीही लावू नका. जुने पाते कार्बन स्टीलचे असते. आंबट लागले की ते काळे पडते आणि उथळ ठसा कायमचा जातो. सॅंडपेपर तर नकोच. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब ठशावर सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी मऊ टूथब्रशने आणि सुती फडक्याने पुसा. मूठ हाडाची, शिंगाची किंवा हस्तिदंताची असेल तर तिला पाणी लागू देऊ नका, ती तडकते. मग खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी अगदी आडवी धरा आणि चारही दिशांनी एकेक फोटो काढा. तरी अक्षर लागले नाही तर खडूची पूड बोटाने ठशात भरून वरची पुसून टाका. नुसती समोरून काढलेली फोटोंची थप्पी उपयोगाची नाही, कारण ठसा दिसतो तो सावलीमुळे.

नावासोबत दिसेल ते सगळे जसेच्या तसे लिहून घ्या: तारा, क्रॉस, मुकुट, एखादा निरर्थक वाटणारा शब्द, घरनंबर. शेफिल्डमध्ये नावापेक्षा चिन्ह मोलाचे होते. जोसेफ रॉजर्स अँड सन्सची ओळख तारा आणि माल्टीज क्रॉस ही होती, आणि ‘६ नॉरफोक स्ट्रीट’ हा पत्ताच ते मिरवत. जॉर्ज वोस्टेनहोमचा माल ‘आय एक्स एल’ या अक्षरांनी ओळखला जाई.

काळ ठरवणे

नाव शोधायच्या आधी वीस-तीस वर्षांची चौकट ठरवा, नाहीतर एकाच नावाची आजोबा-नातू जोडी तुम्हाला फसवेल. पात्यावर ‘स्टेनलेस’ असेल तर १९१३ च्या आधीचा प्रश्नच नाही. हॅरी ब्रेअरलीने शेफिल्डमध्ये ते पोलाद त्या वर्षी काढले. मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असेल तर व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. ‘डब्ल्यू आर’ असेल तर विल्यम चौथा, म्हणजे १८३० ते १८३७. नुसते ‘शेफिल्ड’ असेल तर माल बहुधा १८९० च्या आधीचा, ‘शेफिल्ड, इंग्लंड’ असेल तर बहुधा नंतरचा. त्या वर्षीच्या अमेरिकेच्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले आणि मग तोच ठसा इतर बाजारांतही गेला. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

चांदीचा चमचा-काटा असेल तर काम सोपे: शेफिल्डचे अॅसे ऑफिस (चांदी तपासून तिच्यावर शिक्का मारणारी कचेरी) १७७३ चे, १९७४ पर्यंत त्याची खूण मुकुट, आणि शेजारचे अक्षर वर्ष सांगते. ‘ई पी एन एस’ म्हणजे मात्र चांदीचा मुलामा, तिथे वर्षाचे अक्षर शोधत बसू नये.

एक फसगत नेहमीची. पात्यावर मुंबईच्या दुकानाचे नाव असते आणि लोक ते शेफिल्डमध्ये शोधत बसतात. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे मुंबईतले दुकान १८९१ चे. अशी दुकाने माल शेफिल्डहून करून घेत आणि वर आपले नाव घालत. दुसरी फसगत खोट्या ‘शेफिल्ड’ची. परदेशी मालावर हे नाव राजरोस पडत असे, आणि मालावर खोटी नावे घालण्याविरुद्धचा १८८७ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा व्हावा म्हणून शेफिल्डकरांनी जोर लावला तो त्यामुळेच.

धनी: डिरेक्टरीत

डिरेक्टरी म्हणजे शहरातल्या धंदेवाल्यांची नावे आणि पत्ते देणारे छापील पुस्तक. शेफिल्डची पहिली डिरेक्टरी १७७४ ची. १७८७ च्या डिरेक्टरीत कारागिरांची चिन्हे छापलेली आहेत, त्यामुळे अठराव्या शतकातल्या पात्यासाठी आधी तीच उघडावी. १८३३ पासून व्हाइट यांच्या जाडजूड डिरेक्टऱ्या सुरू होतात. लेस्टर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अशा बऱ्याच डिरेक्टऱ्या फुकट वाचता येतात, आणि ‘शेफिल्ड इंडेक्सर्स’ या स्वयंसेवकांनी डिरेक्टऱ्या आणि दफन नोंदी हाताने उतरवून शोधता येतील अशा केल्या आहेत.

डिरेक्टरीची ओळ अशी वाचावी: आडनाव, नाव, धंदा, कामाचा पत्ता, मग स्वल्पविरामानंतर ‘एच’ आणि घराचा पत्ता. ‘एच’ नसेल तर राहणे आणि काम एकाच जागी. नावाच्या यादीवर थांबू नका, पुस्तकाच्या मागच्या भागात धंद्यांनुसार यादी असते तीही पाहा. तिथे तोच माणूस कधी ‘टेबल नाइफ’खाली तर कधी ‘रेझर’खाली दोनदा सापडतो, आणि तुमच्या हातातली वस्तू त्याच्या धंद्याशी जुळते की नाही ते कळते. माहिती छपाईच्या आधी महिनोन्‌महिने गोळा होत असे, म्हणून १८५२ ची डिरेक्टरी ही १८५१ ची परिस्थिती समजावी. आधीची, ती आणि नंतरची अशा तिन्ही आवृत्त्या पाहिल्याशिवाय ‘धंदा अमुक साली बंद पडला’ असे लिहू नये.

डिरेक्टरीत नाव नाही म्हणजे माणूस नव्हता असे नाही. पगारी कारागीर त्यात जवळजवळ नसतोच. शिवाय शेफिल्डचा खास प्राणी म्हणजे ‘लिटल मेस्टर’: स्वतःच्या हत्यारांचा, एखादे बाक किंवा सहाणेची जागा भाड्याने घेऊन दोन-तीन व्यापाऱ्यांचे काम करणारा. तोही अनेकदा सुटतो.

हात: जनगणनेत

नावानिशी जनगणना १८४१ पासून दर दहा वर्षांनी मिळते. १९३१ ची आगीत गेली, तिच्या मागे लागू नका. १८४१ ची वाचताना दोन गोष्टी: पंधरा वर्षांवरच्यांचे वय बहुधा पाचाच्या पटीत खाली आणलेले असते, म्हणजे ३८ चा माणूस ३५ चा दिसतो, आणि जन्मस्थळाऐवजी फक्त ‘याच परगण्यातला का’ एवढेच असते. म्हणून खरी सुरुवात १८५१ पासून करावी. तिथे नाते, वय, जन्मगाव सगळे येते, आणि मालकाने किती माणसे कामाला आहेत तेही सांगायचे होते.

पत्ता समजायला जरा सराव लागतो. शेफिल्डची कामकरी वस्ती ‘कोर्ट’मध्ये राहत होती. रस्त्यावरच्या घरांमधून एक बोळ आत जातो, आत फरसबंद चौक, भोवती पाठीला पाठ लावलेली घरे, मध्ये सगळ्यांचा मिळून नळ आणि संडास, आणि बऱ्याचदा एका बाजूला कारखान्याची माडी. गिरणगावातल्या चाळीच्या चौकाची आठवण यावी असे. नोंदीत ‘४ सीटी २ एचओ’ असे दिसले तर चौथ्या कोर्टातले दुसरे घर. हा चार रस्त्यावरचा घरनंबर समजून नकाशावर बोट ठेवले की माणूस भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो.

धंद्याचा रकाना सर्वांत बोलका. ‘फोर्जर’ म्हणजे भट्टीवर पाते घडवणारा. ‘ग्राइंडर’ सहाणेवर बसणारा, आणि त्याच्याआधी बहुधा वस्तूचे नाव असते: रेझर ग्राइंडर, टेबल ब्लेड ग्राइंडर, फोर्क ग्राइंडर. ‘हॅफ्टर’ मूठ बसवतो. ‘स्प्रिंग नाइफ कटलर’ दुमडते चाकू जुळवतो. कात्रीची दोन पाती जोडणाऱ्याला चक्क ‘पुटर-टुगेदरर’ म्हणत. ‘बफर’ म्हणजे झिलई करणाऱ्या, बहुतेक बायका आणि मुली. मुठीचे सांबरशिंग मात्र हिंदुस्थानातूनही तिकडे जात होते; तुमच्या चाकूची मूठ कदाचित दोनदा समुद्र ओलांडून आली असेल.

ग्राइंडर सापडला तर पुढच्या जनगणनेत त्याच्याआधी त्याची बायको शोधा, ‘विधवा’ या शब्दासह. तो लाकडी घोड्यावर पाय फाकून बसे आणि फिरत्या वालुकाश्मावर ओणवा होई. टेबलावरचे चाकू बहुधा ओल्या दगडावर. काटे मात्र कोरड्यावर, आणि ती धूळ थेट छातीत. १८४३ मध्ये शेफिल्डचे डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी या रोगावर सविस्तर लिहिले. कोरड्या सहाणेवरचे लोक चाळिशी क्वचित पाहत. दगड फुटून जागीच मेलेलेही कमी नाहीत, आणि अशा मृत्यूची चौकशी वर्तमानपत्रात येई.

१८१४ च्या आधीचा माणूस

इथे जनगणना नाही, पण त्याहून नेटकी गोष्ट आहे. १६२४ च्या कायद्याने ‘कटलर्स कंपनी’, म्हणजे चाकू-कात्री कारागिरांची संघटना, स्थापन झाली. हॅलमशायर (शेफिल्डच्या परिसराचे जुने नाव) आणि भोवतालचे सहा मैल तिच्या अखत्यारीत. उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली काम शिकणे, बहुधा सात वर्षांची, ती पुरी झाली की ‘फ्रीमन’ होऊन स्वतःचे चिन्ह मिळे. १८१४ मध्ये ही सक्ती गेली. तोवरच्या उमेदवारांची आणि फ्रीमनांची छापील यादी आहे आणि तिची एकच ओळ मुलाचे नाव, बापाचे नाव, गाव, बापाचा धंदा, उस्तादाचे नाव, वर्षे आणि फ्रीमन झाल्याचे साल देते. एका ओळीत दोन पिढ्या! फक्त चिन्हावरून घाईने निष्कर्ष काढू नका. नवऱ्याचे चिन्ह विधवेकडे राहू शके, चिन्हे विकली जात, भाड्यानेही दिली जात. त्यामुळे चिन्ह शंभर वर्षे तेच राहिले तरी त्यामागची माणसे बदललेली असतात.

जन्म-मृत्यू, आणि अडते तिथे

१ जुलै १८३७ पासून नागरी नोंदणी आहे. ‘फ्री बीएमडी’ या जन्म-लग्न-मृत्यू नोंदींच्या सूचीच्या संकेतस्थळावर नाव टाकताना जिल्हा फक्त ‘शेफिल्ड’ निवडला की निम्मे लोक हरवतात, कारण शहराचा पश्चिमेकडचा मोठा भाग ‘एक्लेसॉल बिअरलो’ या वेगळ्या नोंदणी जिल्ह्यात होता. दोन्हीत शोधा. एकाच नावाची तीन बाळे निघाली तर सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या सूचीत आईचे माहेरचे आडनाव पाहून वेगळी करा. त्याआधीच्या काळासाठी शेफिल्डच्या सेंट पीटर्स चर्चची नोंदपुस्तके १५६० पासून आहेत. मृत्युपत्र १८५८ च्या आधीचे असेल तर शेफिल्डमध्ये नव्हे, यॉर्कला शोधावे. ती यॉर्क विद्यापीठाच्या बोर्थविक संस्थेत आहेत.

माणूस डॉन किंवा लॉक्सली नदीकाठी राहत असेल आणि काळ १८६४ च्या आसपासचा असेल, तर पुराचे दावे चुकवू नका. ११ मार्च १८६४ च्या रात्री डेल डाइक धरण फुटले, सुमारे २४० माणसे गेली, आणि भरपाईसाठी साडेसहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले. त्यांची सूची शेफिल्ड हॅलम विद्यापीठाने ऑनलाइन ठेवली आहे. नाव, पत्ता, धंदा, आणि काय वाहून गेले: कपडे, हत्यारे, बुडालेली मजुरी. दुसऱ्या कुठल्याही कागदात कारागिराचे घर इतके उघडे दिसत नाही.

पत्ता आजच्या नकाशावर मिळाला नाही तर घाबरू नका. डिसेंबर १९४० च्या दोन रात्रींच्या बॉम्बहल्ल्यांत शहराच्या मध्यभागाचा मोठा भाग गेला, आणि रस्त्यांची नावे व घरनंबर त्याआधीही बदलले होते. एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा खात्याचे मोठ्या मापाचे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांत कोर्ट आणि बोळही काढलेले असतात. तिथे कोर्ट सापडले की शेजारच्या घरांची जनगणना वाचा. हॅफ्टर, ग्राइंडर, फोर्जर बहुधा हाकेच्या अंतरावर असतात, आणि तुमच्या पात्यावर ज्यांचे नाव नाही ते लोक यांच्यातलेच कुणी.